तोंड माझं, आवाज दुसरीचा

रंगमंचावर बाईनं कसं बसावं, हे मला एका पुरुषानं शिकवलं.

ते अमरावतीच्या पोस्टात कारकून होते. चाळिशीचे, बारीक चणीचे, हसले की गालाला खळी पडायची. गावातल्या हौशी मंडळींच्या प्रत्येक नाटकात नायिका तेच. खिडकीवर तिकिटं घ्यायला आलेली माणसंसुद्धा त्यांना, ‘मागच्या खेपेला काय रडलात हो!’ असं सांगून जायची. मी त्यांना काका म्हणत असे. पण ते नंतर. सुरुवातीला ते माझ्याशी बोलतच नसत.

मी अकोल्याची. बाबा कापसाच्या जिनात फिटर होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांनासुद्धा कापूस चिकटलेला असायचा. तरुणपणी ते जलशात गात. बैलगाडीत पेटी आणि ढोलकी टाकायची, गावोगावच्या वस्त्यांत जायचं आणि लोकांना ताठ मानेनं जगायला सांगणारी गाणी म्हणायची, असं त्यांचं ते काम. त्यामुळे चार माणसांसमोर उभं राहून तोंड उघडायची भीती मला कधीच वाटली नाही. लोकांना ही बढाई वाटते. वाटो. आमच्या घरात भीती शिकवायला कुणाला सवडच नव्हती.

बाबा नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याच्या पुढच्या वर्षी मी अमरावतीच्या कॉलेजात गेले आणि मुलींच्या वसतिगृहात राहू लागले. तिथल्या गॅदरिंगमध्ये मी एक म्हातारी केली. आमचे मराठीचे प्राध्यापक पुण्याहून आलेले होते आणि गावातली हौशी नाटकंही तेच बसवत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वर्गाबाहेर थांबवलं.

“आमच्या नव्या नाटकात नायिका करशील का?”

“करीन,” मी म्हणाले.

“घरी विचारून सांग.”

“बाबा हो म्हणतील. नायिका काय करते ते सांगा.”

सर हसले. पुरुषांनी स्त्रीपार्ट करायचे दिवस आता संपले, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं खरंच होतं. पण ज्या माणसाचे ते दिवस संपत होते, तो तालमीच्या खोलीत कोपऱ्यातल्या बाकावर बसून माझ्याकडे बघत होता, हे मला पहिल्याच दिवशी दिसलं.

नाटक एका पांढरपेशा घरातलं होतं. सासू, सून आणि परगावी नोकरीला गेलेला मुलगा. सुनेचं काम मला दिलं होतं. सासू करायला गावातल्या एक बाई तयार झाल्या होत्या. आठवडाभर तालमी झाल्या, आणि मी अकोल्यात कुठल्या वस्तीत राहते हे त्या बाईंना कुणीतरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यांची तब्येत बरी नसल्याचा निरोप आला. निरोप घेऊन आलेला माणूस माझ्याकडे न बघता बोलला, त्यावरून मला आणि खोलीतल्या सगळ्यांनाच खरं काय ते कळलं.

सर चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, आता हे नाटक पुढे ढकलतील, मग मला हळूच सांगतील. मी पिशवी उचलून खांद्याला लावली, तोच कोपऱ्यातून आवाज आला.

“सासू मी करतो.”

काका उठून मधोमध आले. “पाठ आहे मले सारं. पोरगी, पिशवी ठेव खाली. कुठीसा चालली?”

“तुम्हाला राग होता ना माझा?” मी विचारलं. माझा स्वभावच असा. मनात आलेलं मी आत फार वेळ ठेवत नाही.

“होता. आहे अजून. बाईचं काम बाईनंच करावं असं मी मानत नाई. ज्याले येते त्यानं करावं. तुले येते, म्हून तुह्यासंगं करतो. चल, पहिल्यापासून घेऊ.”

त्या दिवसापासून ते माझे काका झाले. खाली बसताना आधी निऱ्या गुडघ्याखाली कशा दाबायच्या, भांडताना पदर खांद्यावरून घसरू कसा द्यायचा नाही आणि रडताना चेहरा प्रेक्षकांपासून नेमका किती वळवायचा, हे सगळं त्यांनी मला करून दाखवलं. मी बाई होते खरी, पण आमच्या घरात बाया बसत कमी आणि कामच जास्त करत. दिवाणखान्यात बसणारी बाई मी कधी जवळून पाहिलीच नव्हती.

भाषा मात्र सरांनी शिकवली. ‘मले’ नाही, ‘मला’. ‘काहून’ नाही, ‘का’. ‘पानी’ म्हटलं की ते टेबलावर पेन्सिल आपटत. मी भराभर शिकले. दोन महिन्यांत मी पुण्याच्या बाईसारखी बोलायला लागले आणि सुट्टीत घरी गेले की माय म्हणायची, “हे कोनती पाहुनी आली आपल्या घरी?”

नाटक चांगलं झालं. अमरावतीत झालं, अकोल्याला झालं, अचलपूरला तर लोक झाडावर बसले होते. पुढे पदवी घेऊन मी अकोल्याला मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. तरी शनिवारी शाळा सुटली की गाडी पकडायची, बडनेऱ्याला उतरून दुसऱ्या गाडीत बसायचं आणि अमरावतीला तालमीला हजर व्हायचं, हे मी वर्षानुवर्षं केलं. वर्षाला एखाददुसरं नाटक बसायचं. विधवा केली, राणी केली, वकिलीण केली. वऱ्हाडात नायिका हवी असली की लोक मला बोलवायला यायचे. मला त्याचा अभिमान होता आणि आजही आहे.

अशाच एका नाटकाच्या वेळी कोल्हापूरकडचे एक सिनेमावाले प्रेक्षकांत होते. प्रयोग संपल्यावर ते आत आले आणि मला म्हणाले, “बाई, तुमचे डोळे फार बोलतात. नायकाच्या बहिणीचं काम आहे.”

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोल्हापूरला गेले. स्टुडिओत दिवसभर बसून राहायचं. तोंडाला रंग, अंगावर भारी लुगडं, आणि पाचदहा मिनिटांच्या कामासाठी अख्खी दुपार वाट बघायची. नाटकात एकदा पडदा उघडला की शेवटपर्यंत धावायचं असतं. इथं मी एक वाक्य बोलायची आणि मग तीन तास गप्प. त्या गप्प बसण्यात मी कविता लिहायला लागले. चंद्र, नदी, विरह असलं काहीतरी. वाचून बघितल्या तेव्हा माझ्याच लक्षात आलं की या कविता दुसऱ्या कुणीतरी आधीच लिहून ठेवलेल्या आहेत. मी त्या फाडून टाकल्या. पण लिहायची खोड लागली ती लागली.

काम मी मन लावून केलं. माझी वाक्यं थोडी होती, पण एक प्रसंग मोठा होता. बहीण भावाला घराबाहेर काढते तो. तो झाल्यावर दिवे लावणारे लोकसुद्धा थांबून बघत होते.

सिनेमा अकोल्याच्या टॉकीजला लागला तेव्हा आमची सगळी वस्ती दुपारच्या खेळाला गेली. माय नवं पांढरं लुगडं नेसली होती. बाबांनी जिनातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली होती. आम्ही पुढून चौथ्या-पाचव्या रांगेत बसलो. मी पडद्यावर आले, आणि वस्तीतल्या पोरीबाळींनी अशी काही आरोळी ठोकली की डोअरकीपर बॅटरी घेऊन धावत आला.

मग पडद्यावर माझं तोंड उघडलं आणि त्यातून भलताच आवाज आला.

गोड, नाजूक, पुण्याकडचा आवाज. माझा आवाज जाड आहे, खालच्या पट्टीतला. हा वरून यायचा, बासरीसारखा. मला आधी वाटलं यंत्रात काही बिघाड झाला. मग दुसरं वाक्य आलं, तिसरं आलं. ओठ माझे हलत होते. बोलत दुसरीच होती.

माय अंधारात मोठ्यांदा म्हणाली, “अवो माय, हे कोन बोलून राहिली?”

आजूबाजूचे लोक हसले. तिला हसू येत नव्हतं. तिनं माझा हात धरला आणि पुन्हा विचारलं, या वेळी फक्त मला, “तुहा आवाज कुठी गेला वो?”

मला उठून जावंसं वाटलं. मी उठले नाही. शेवटपर्यंत बसले, त्या मोठ्या प्रसंगालाही. भावाला घराबाहेर काढताना मी छातीतून ओरडले होते. पडद्यावर ती कोण होती ती लाडात आल्यासारखी बोलत होती. माझे डोळे एक सांगत होते आणि तो आवाज दुसरंच.

घरी आल्यावर बाबांनी अंगणात हातपाय धुतले, बाजेवर बसले आणि मग म्हणाले, “काम चांगलं केलं तू. पन आमी जलशात होतो तवा कधी पेटी नसे, कधी ढोलकी फाटेल असे. गळा मात्र आपला असे.”

एवढंच बोलले. मला तेवढं पुरलं.

काही महिन्यांनी त्याच सिनेमावाल्यांचा माणूस अकोल्याला आमच्या घरी आला. नवा सिनेमा, या वेळी काम मोठं. मायनं चहा केला. माणूस सभ्य होता, बाजेवर अवघडून बसला होता.

मी विचारलं, “आवाज कुणाचा?”

“त्याची काळजी तुम्ही नका करू. आमच्याकडे त्यासाठी बाई आहेत.”

“म्हणूनच विचारते. माझ्या तोंडातून माझा आवाज येणार असेल तर मी येते.”

तो समजावू लागला. तुमचा आवाज खणखणीत आहे, पण माइकला जरा भारी पडतो. शिवाय उच्चार. कितीही सुधारले तरी मधूनच वऱ्हाड डोकावतं.

“डोकावतं नाही,” मी म्हणाले, “ते तिथंच राहतं.”

त्यानं चहा संपवला आणि निघून गेला. मायला जरा हळहळ वाटली. मला नाही वाटली, असं म्हटलं तर खोटं होईल. दोन दिवस मी शाळेत मुलींवर उगाच ओरडत होते. पण तिसऱ्या दिवशी फळ्यावर शुद्धलेखन लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. तो सिनेमावाला तरी परका होता. नाटकात इतकी वर्षं मीच माझ्या तोंडात दुसरीचा आवाज घालत आले होते.

त्याच शनिवारी अमरावतीला गेले. सर नाट्यस्पर्धेसाठी नवं नाटक लिहीत होते. हेडमास्तरांच्या खोलीत सगळं नाटक घडतं. त्यात दर्यापूरकडची एक रोजमजुरी करणारी बाई येते. तिच्या पोरीला शाळेतून घरी पाठवलेलं असतं आणि ती जाब विचारायला आलेली असते. तो प्रवेश मला फार आवडला होता. पण सरांनी तिच्या तोंडी घातलेली भाषा ऐकून मी म्हणाले, “सर, दर्यापूरकडची मजूर बाई असं बोलत नाही. ती आमच्या भाषेत बोलेल.”

“मलाही ते कळतं,” सर म्हणाले. “पण स्पर्धेचे परीक्षक मुंबई-पुण्याचे. त्यांना कळणार नाही. आणि वऱ्हाडी बोललं की लोक हसतात. आपल्याकडे वऱ्हाडी फक्त गडी बोलतो, तोही विनोदी.”

काका बाकावरून म्हणाले, “आमाले त्याह्यचं कळते ना? मंग त्याह्यले आमचं काहून नाई कळनार?”

सरांनी हातातले कागद माझ्याकडे सरकवले. “तू लिही हा प्रवेश. तुझ्या भाषेत.”

मी लिहिला. एका बैठकीत लिहिला. मायसमोर वाचून दाखवला, आणि जिथं तिनं भाकरी थापायची थांबवली तेवढा ठेवला, बाकीचा काढून टाकला.

स्पर्धेचा प्रयोग अमरावतीतच होता. हेडमास्तर झालेला गृहस्थ खुर्चीत बसलेला. मी दारातून आत आले. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याच्या आत उभी राहिले आणि पहिलं वाक्य बोलले, “मास्तर, माही पोरगी घरी काहून धाडली?”

सगळं थेटर हसलं.

सरांचं बरोबर होतं. लोकांना वाटलं, आला विनोदी प्रवेश. हशा मागच्या रांगांपर्यंत पसरत गेला. विंगेत काका उभे होते. पुढे जा, पुढचं वाक्य घे, अशी खूण ते करत होते. हशावर बोलू नये, तो विरायला लागला की पुढचं वाक्य घ्यावं, हा नियम त्यांनीच मला शिकवला होता.

मी पुढचं वाक्य घेतलं नाही. मी थांबले. हेडमास्तरावरची नजर काढली आणि पहिल्या रांगेकडे बघितलं. तिथं गावातली मोठी माणसं बसली होती. वकील, डॉक्टर, कापसाचे व्यापारी. त्यांचं हसू संपेपर्यंत मी एकेकाकडे बघत राहिले. हसू कमी होत होत थांबलं. कुणीतरी खोकललं. मग मी तेच वाक्य पुन्हा बोलले, पहिल्यापेक्षा हळू.

“मास्तर. माही पोरगी घरी काहून धाडली?”

आता टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पुढचा सगळा प्रवेश मी त्या शांततेत केला. आवाज चढवायची गरजच पडली नाही. बाई शेवटी बाहेर उभ्या असलेल्या पोरीला शेजारच्या वर्गात बसवून येते आणि स्वतः हेडमास्तरांच्या दारात ठाण मांडते. तिथं पडदा पडला तेव्हा टाळ्या आधी मागून, स्वस्त तिकिटांकडून आल्या. पुढच्या रांगेच्या नंतर आल्या. पण आल्या.

विंगेत काकांनी माझे दोन्ही खांदे धरले. “नियम मोडला तू,” ते म्हणाले.

“हाव,” मी म्हणाले.

“बरं केलं.” त्यांचे डोळे भरले होते. नायिका करताना हा माणूस हजारदा रडला होता, पण ते रडणं वेगळं. हे रडणं त्यांना लपवता येत नव्हतं, आणि चेहरा किती वळवायचा याचं भानही नव्हतं.

नाटकाला बक्षीस मिळालं नाही. भाषा सर्वांना समजेल अशी नाही, असा शेरा परीक्षकांनी दिला. अभिनयाचं बक्षीस मात्र मला दिलं. न समजलेल्या भाषेतल्या अभिनयाला बक्षीस कसं दिलं, हे मी त्यांना समारंभानंतर विचारलं. एक जण हसले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही आम्हाला समजून घ्यायला लावलंत.” सरळ बोलणारा माणूस मला आवडतो. मी त्यांना नमस्कार केला.

ते नाटक आम्ही दोन वर्षं केलं. दर्यापूरला एक बाई मुलीला घेऊन आत रंगपटात आली आणि म्हणाली, “तुमी माही गोठ कोनापासून आयकली?” मी सांगितलं, ही गोष्ट कुणाकडूनच ऐकली नाही. तिला ते पटलं नाही. मलाही मग वाटलं, आपण ती कुणाकडून तरी ऐकलीच असणार.

त्या प्रवेशानंतर माझ्या कविताही बदलल्या. घरात जसं बोलतो तसंच कागदावर उतरवायला लागले. पहिली कविता शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिली, ती अशी:

केसाले कापूस लागला
म्हून कोनी मले म्हतारी म्हना,
मी तं आत्ताच उठली,
आत्ताच बोलाले लागली.

ही कविता मी मोर्शीला एका कविसंमेलनात म्हटली. संत्र्यांचा हंगाम होता, बाहेर पेट्या ठोकायचं काम चाललं होतं आणि मंडपात बऱ्याच कवींचं काही ऐकू येत नव्हतं. माझं ऐकू आलं. माझा आवाज माइकला भारी पडतो, असं म्हणणाऱ्यांनी तो दिवस ऐकायला हवा होता. लोकांनी पुन्हा म्हणायला लावली, आणि पेट्या ठोकणारेही हातोड्या खाली ठेवून कनातीशी येऊन उभे राहिले.

यानंतर मी एकच सिनेमा केला. दिग्दर्शक तरुण होता, मोर्शीच्याच त्या मंडपात बसलेला. त्यानं मला एका वीटभट्टीवरच्या मुकादमिणीचं काम दिलं आणि म्हणाला, “तुम्ही जशा बोलता तशाच बोला. डबिंगला तुम्हीच या.” मी गेले. काळोख्या खोलीत, कानाला यंत्र लावून, पडद्यावरच्या माझ्या ओठांवर माझीच वाक्यं बसवली. काम कठीण निघालं. स्वतःच्याच तोंडाशी जुळवून घ्यायला दोन दिवस लागले. तो सिनेमा अकोल्यात आठवडाभरही चालला नाही. पण त्यात बोलते ती मीच, आणि ते ऐकायला माय दोनदा गेली.

एकोणीसशे साठचं दशक संपायच्या सुमारास अमरावतीच्या एका छापखान्यानं माझ्या कवितांचं पुस्तक काढलं. पातळसं, हिरव्या पुठ्ठ्याचं. प्रकाशनाला भाषण करायचं म्हणून मी काही तयारी केली होती, पण उभी राहिल्यावर ती बाजूला ठेवली आणि कविताच वाचल्या. पुण्याच्या एका पाहुण्यांनी नंतर सुचवलं की मागे अवघड शब्दांचे अर्थ द्यायला हवे होते. मी त्यांना म्हटलं, “तुमच्या पुस्तकांचे अर्थ आम्ही विचारून विचारून शिकलो. तुम्हीही विचारा. मी सांगते.”

त्यांनी खरंच विचारलं. खुर्ची ओढून समोर बसले, पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानावर बोट ठेवलं. समारंभ संपला, लोक पांगले, मांडववाल्यानं सतरंज्या गुंडाळायला घेतल्या, तरी आम्ही दोघं एकेक शब्द घेऊन बसलो होतो. अर्धं पुस्तक झालं तेव्हा माझी बडनेऱ्याची गाडी सुटायची वेळ झाली.